पन्नाशीनंतरही स्टिअरिंगवर: मुरलेल्या रेस ड्रायव्हरविषयी गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात कायमस्वरूपी रेस ट्रॅक नाही. तरी इथे रेसिंगचं वेड असलेली माणसं कमी नाहीत. त्यातली बरीचशी आता पंचेचाळीस-पंचावन्नच्या घरात आहेत. कोणी पूर्वी रॅली केलेली, कोणी मध्ये पंधरा वर्षं सोडून पुन्हा उतरू पाहणारी, तर कोणी फक्त जुन्या ड्रायव्हरांची कारकीर्द कशी चालते याचं कुतूहल असलेली. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

मुरलेला ड्रायव्हर कोणाला म्हणायचं? वयाची काही रेघ आहे का?

ठरलेली रेघ नाही. कार्टिंगमध्ये (छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतीत) पंचविशीचा माणूसही म्हातारा वाटतो, तर वाळवंटातल्या रॅलीत चाळिशी म्हणजे ऐन उमेद. मात्र वयाचा कागदोपत्री हिशेब एका ठिकाणी होतो. एफआयए ही मोटर रेसिंगची जागतिक संघटना लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी ड्रायव्हरांची वरून खाली प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्रॉन्झ अशी प्रतवारी करते. पन्नाशी उलटली की वयाप्रमाणे ही प्रत खाली येते. ऐकायला अपमान वाटतो, पण व्यवहारात हा फायदा आहे. फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत एलएमजीटी३ या गटात प्रत्येक गाडीत एक ब्रॉन्झ ड्रायव्हर लागतोच. साठीतला, अजून हात चांगला असलेला ब्रॉन्झ ड्रायव्हर टीमला हवाच असतो.

भारतात ही जुनी पिढी आली कुठून?

विमानांच्या धावपट्ट्यांवरून. चेन्नईजवळचं शोलावरम, कोलकात्याजवळचं बराकपूर, मुंबईचं जुहू. दुसऱ्या महायुद्धातली शोलावरमची धावपट्टी पन्नासच्या दशकापासून रेसिंगसाठी वापरली जाऊ लागली. गाड्या कसल्या? फियाट ११००, स्टँडर्ड हेराल्ड, अ‍ॅम्बेसेडर. मागची सीट काढायची, सायलेन्सर कापायचा, कार्ब्युरेटर बदलायचा, की झाली रेस कार. १९९० मध्ये इरुंगाट्टुकोट्टईचा मद्रास ट्रॅक झाला, ३.७१७ किलोमीटरचा. २००३ मध्ये कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आला. ज्यांच्या नावावरून त्याचं नाव पडलं त्या करिवर्धन यांनी मारुती ८०० च्या ७९६ सीसी इंजिनवर एक सीटची फॉर्म्युला मारुती उभी केली, आणि एका अख्ख्या पिढीला परवडेल अशी रेसिंग मिळाली. २०११ मध्ये ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध ट्रॅक आला. तिथे २०११ ते २०१३ अशा तीन फॉर्म्युला वन शर्यती झाल्या आणि तिन्ही सेबास्टियन व्हेटेलने मारल्या.

रॅलीची वाट वेगळी होती. हिमालयन रॅली १९८० ते १९९० चालली. दक्षिणेत के-१००० रॅली आणि आपल्या बाजूला नाशिकची रॅली. गोव्यातल्या जुन्या मंडळींना ट्रॅकपेक्षा रॅली जवळची वाटते, कारण घाट आणि लाल मातीचे रस्ते दारातच होते.

वय वाढलं की वेग कमी होतो का?

होतो, पण लोकांना वाटतं तिथे होत नाही. प्रतिक्रियेचा वेळ वयाबरोबर काही मिलिसेकंदांनी वाढतो. १८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ५० मीटर जाते, म्हणजे ०.०२ सेकंद उशीर झाला तर एक मीटर. क्वालिफाइंगच्या, म्हणजे सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या फेरीच्या, एका लॅपमध्ये तो मीटर दिसतो. पण चांगला ड्रायव्हर दिव्याच्या उजेडाला प्रतिक्रिया देत बसत नाही. मागचं टोक सुटणार हे त्याला सुटण्याआधी कळतं, समोरचा चुकीच्या ओळीने, म्हणजे चुकीच्या रेषेने, वळणात शिरतोय हे दोन वळणं आधी दिसतं. ज्याला पुढचं आधी दिसतं त्याला घाई करावी लागत नाही.

नोंदींतही हेच दिसतं. फॉर्म्युला वनच्या फँजिओने १९५७ ची नूर्बुर्गरिंगची शर्यत ४६ व्या वर्षी जिंकली. पिटमधून, म्हणजे ट्रॅकलगतच्या टीमच्या जागेतून, निघाला तेव्हा तो जवळपास ५० सेकंद मागे होता. लॅपमागून लॅपचा विक्रम मोडत त्याने पुढच्या दोघांना गाठलं आणि पाचवं जगज्जेतेपद पक्कं केलं. सेबास्टियन लोएबने २०२२ ची माँटे कार्लो रॅली ४७ व्या वर्षी जिंकली. कार्लोस साइन्झने २०२४ ची डकार रॅली ६१ व्या वर्षी. मारिओ आंद्रेती साठाव्या वर्षी ल मान्सला उतरला होता. अभिनेता पॉल न्यूमन १९९५ मध्ये, सत्तरीत, डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात जिंकणाऱ्या टीममध्ये होता. आपल्याकडे नारायण कार्तिकेयनने २००५ मध्ये फॉर्म्युला वन गाठलं, त्याच वर्षी इंडियानापोलिसला सहाच गाड्या धावलेल्या त्या विचित्र शर्यतीत चौथा येऊन पाच गुण मिळवले, आणि २०१९ मध्ये, ४२ व्या वर्षी, जपानच्या फुजी ट्रॅकवर सुपर जीटी आणि डीटीएम या दोन मालिकांची संयुक्त शर्यत जिंकली.

या यादीत दहा-बारा लॅपच्या शर्यती जवळपास नाहीत, लांब पल्ल्याच्या आणि रॅलीच्याच जास्त आहेत. शर्यत जितकी लांब, तितका अनुभवाचा भाव वाढतो. टायर, ब्रेक, गिअरबॉक्स आणि स्वतःचं शरीर पुरवून वापरणं ही कला तरुणाला सांगून येत नाही.

मग बहुतेक जण चाळिशीतच का सोडतात?

पैसा संपतो म्हणून. दुसरं कारण, घर आणि धंदा. शरीर हे कारण तिसऱ्या नंबरावर येतं, लोक मात्र पहिलं तेच सांगतात.

गोव्यात राहून सराव कुठे करायचा?

सुरुवात कार्टिंगपासून करा. वीस वर्षं रॅली केलेल्यानेही. हडफड्याच्या भाड्याच्या कार्टवर वेग फार नसतो, पण ओळ, नजर आणि ब्रेक सोडण्याची पद्धत तिथे सुधारते. पुढची पायरी कोल्हापूर. तिथला मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक गोवेकरांना सगळ्यांत सोयीचा, एका दिवसात जाऊन येता येतं. मोठ्या गाडीसाठी मात्र कोइम्बतूर किंवा चेन्नईला पर्याय नाही. पणजी ते चेन्नई रस्त्याने साधारण ९०० किलोमीटर.

चाळिशीनंतर कार्टमध्ये बसताना बरगड्यांचं जॅकेट घालाच. कार्टला सस्पेन्शन नसतं आणि सीटची कड थेट बरगडीला लागते. तरुणाचं तीन दिवसांत भरून येतं, पन्नाशीच्या माणसाला सहा आठवडे शिंकताना आठवण राहते.

सिम्युलेटर उपयोगी आहे, पण ट्रॅक पाठ करण्यापुरता. कुठे ब्रेक मारायचा, कुठला गिअर, कुठे बाहेर पडायचं हे तिथे शिका. गाडी बुडाखाली सरकतेय ही जाणीव स्क्रीनवर येत नाही, आणि जुन्या ड्रायव्हरची अर्धी कमाई त्याच जाणिवेत असते. म्हणून सिमवर पोरगा हरवतो आणि ट्रॅकवर बाप, असं घडतं.

नव्या झुआरी पुलावर किंवा पहाटे मोपाच्या रस्त्यावर 'थोडं ओढून बघणं' हा सराव नाही. तिथे ना मार्शल (झेंडे दाखवणारा ट्रॅकवरचा माणूस) असतो, ना गाडी सुटली तर थांबायची मोकळी जागा.

लायसन्स आणि वैद्यकीय तपासणीचं काय?

स्पर्धेचं लायसन्स एफएमएससीआय देते. ही १९७१ पासूनची राष्ट्रीय संघटना आहे, मुख्यालय चेन्नईत. आरटीओच्या लायसन्सचा याच्याशी संबंध एवढाच की ते आधी लागतं. अर्जासोबत डॉक्टरचं प्रमाणपत्र जोडायचं असतं, आणि इथेच लोक घोळ करतात. ओळखीच्या डॉक्टरकडून सही आणतात. तसं करू नका. एफआयएच्या आंतरराष्ट्रीय लायसन्ससाठी पंचेचाळिशीनंतर दर दोन वर्षांनी ताण देऊन ईसीजी काढावा लागतो, म्हणजे आपली ट्रेडमिल टेस्ट. तुमचं लायसन्स फक्त देशांतर्गत असलं तरी हीच तपासणी करून घ्या. शर्यतीत नाडी १५०-१७० पर्यंत जाते आणि वीस-पंचवीस मिनिटं तिथेच राहते. पलंगावर झोपून काढलेला ईसीजी त्याविषयी काही सांगत नाही.

बीपीची गोळी चालू आहे. चालेल का?

गोळीवर अवलंबून आहे. हा प्रश्न विचारायला लोक लाजतात आणि मग अडकतात.

बीटा ब्लॉकर वर्गातली औषधं, म्हणजे अ‍ॅटेनोलोल, मेटोप्रोलोल वगैरे, मोटर रेसिंगमध्ये स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या यादीत येतात. हात थरथरणं आणि धडधड कमी करतात म्हणून. नेमबाजीतही त्यांना बंदी आहे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तर सर्वच खेळांत, बाराही महिने बंद. गोची इथे होते: बीपीच्या अनेक जोडगोळ्यांच्या नावापुढे 'एच' असतो. तो एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. टेल्मिसार्टन एकटं चालतं, अ‍ॅम्लोडिपिन चालतं, पण टेल्मिसार्टनसोबतचा एच चालत नाही. इन्सुलिनलाही आधी परवानगी लागते.

करायचं काय? पट्टी उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचा. डॉक्टरांना सांगा की स्पर्धेत उतरायचं आहे, पर्यायी औषध बसतं का बघा. बसत नसेल तर उपचारासाठी सूट मिळवण्याचा अर्ज स्पर्धेच्या बराच आधी करायचा असतो. गोळी परस्पर बंद करून शर्यतीला जाणं हा सगळ्यांत वाईट मार्ग. आणि नियम बाजूला ठेवला तरी तापलेल्या गाडीत शरीरातलं पाणी आणि मीठ बाहेर काढणारी गोळी पोटात असणं शहाणपणाचं नाही.

चष्मा लागला. आता?

लांबचं स्पष्ट दिसत असेल तर अडचण नाही. चष्मा किंवा लेन्स लावून दृष्टी नियमात बसली की झालं, नजरेचा विस्तार मात्र किमान १२० अंश हवा. खरी कटकट जवळच्या नंबरची. रस्ता लख्ख दिसतो, पण डॅशबोर्डवरचा ऑईल प्रेशरचा आकडा पुसट. बायफोकल काचा वापरू नका, हेल्मेटच्या फटीत काचेचा चुकीचा भाग डोळ्यासमोर येतो. त्यापेक्षा डॅशबोर्ड बदला. आकड्यांऐवजी मोठा लाल दिवा लावा: ऑईल प्रेशर पडलं की पेटेल असा. घड्याळासारखा गेज असेल तर तो फिरवून असा बसवा की सगळं ठीक असताना काटा सरळ वर राहील. काटा कलला की कळतं, वाचावं लागत नाही. ही युक्ती जुन्या रेस मेकॅनिकांची आहे, चष्मा लागण्याच्या आधीपासूनची.

उकाडा कसा सोसायचा? खायचं-प्यायचं काय?

छताच्या रेस कारमध्ये आत ५० अंशांच्या वर सहज जातं. अंगात अग्निरोधक सूट, आतून बनियन, तोंडावर बालाक्लाव्हा (डोकं-तोंड झाकणारी टोपी). तासाला एक ते दीड लिटर घाम निघतो.

गोवेकराला एक फायदा आहे, दमट उकाड्याची सवय. पण एसीच्या ऑफिसात बसणाऱ्याची ती सवय गेलेली असते. ती परत यायला १० ते १४ दिवस लागतात. शर्यतीच्या दोन आठवडे आधीपासून रोज संध्याकाळी पाचच्या सुमारास, पंखा न लावता, ४५ मिनिटं ते तासभर चालणं-सायकल असा व्यायाम करा. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

सरावाच्या आधी आणि नंतर वजन करा, घामट कपडे उतरवून. एक किलो कमी झालं म्हणजे एक लिटर पाणी गेलं. ते भरायला पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर प्या, एकदम नव्हे. नुसतं पाणी नको. ओआरएसचं पाकीट एक लिटरमध्ये, पाकिटावर लिहिलंय तेवढ्यातच. शहाळं चांगलं, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि मीठ कमी. घामातून जातं ते मीठ. म्हणून शहाळ्यावर एकट्यावर भागत नाही. कोकम सरबतात साखर कमी आणि मीठ चिमूटभर जास्त घातलं तर उत्तम.

शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी काय खावं यावर बाहेरच्या देशांत बरंच संशोधन चालतं. आपल्या घरची उकड्या तांदळाची पेज, वर मीठ आणि लोणच्याची फोड, याहून बरं काही अजून सापडलेलं नाही. पोटाला हलकी, पाणी भरपूर, मीठ आहे, हळूहळू ताकद देते. भाजी-पाव आणि भजी शर्यत संपल्यावर.

आदल्या रात्रीची फेणी सकाळी श्वासाच्या चाचणीत सापडू शकते. सापडली नाही तरी पाणी आणि झोप घेऊन गेलेली असते.

डोकं दुखू लागलं, मळमळलं तर दर वेळी उकाडाच कारण असतो असं नाही. एक्झॉस्टच्या जोडातून गळती असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. मागच्या डिकीच्या रबराभोवती काजळी दिसते का ते बघा.

मान आणि पाठ किती टिकतात?

डोकं साधारण ५ किलो, हेल्मेट दीड किलो. वळणात बाजूला दोन जी, म्हणजे वजनाच्या दुप्पट ओढ, लागला तर मानेला १३ किलो ओढतात, लॅपमागून लॅप. मानेचा व्यायाम साधा ठेवा: रबरी पट्टा डोक्याभोवती, चारही दिशांना, मान न हलवता १० सेकंद धरून ठेवायचं, दहा वेळा, आठवड्यातून तीनदा. मान गोल गोल फिरवण्याचे व्यायाम पन्नाशीनंतर नकोत.

पाठीचं दुखणं बहुतेक वेळा सीटमुळे असतं. रेसिंगची सीट मापाची लागते, कुशन भरून सैल सीट घट्ट करता येत नाही. जास्त मऊ गादी धडकेत दबते, तेवढा पट्टा सैल पडतो आणि मणका आपटतो.

कानात बोळे घाला. जुन्या ड्रायव्हरांशी बोलताना आवाज चढवावा लागतो, त्याचं कारण वय नव्हे, हीच आळशी सवय.

जुनं हेल्मेट आणि सूट चालेल का?

बहुतेकदा नाही. मोटारसायकलचं हेल्मेट तर अजिबात नाही, त्याच्या आतलं अस्तर आग सोसत नाही. स्नेल एसए२०२० किंवा एफआयए ८८५९-२०१५ असं लेबल बघा. सूटवर ८८५६-२०१८ किंवा त्याआधीचा ८८५६-२००० हा शिक्का शिवलेला असतो. मानेचा हान्स (धडकेत मान झटकू न देणारी खांद्यावरची कॉलर) ८८५८ मानकाचा. हार्नेसच्या (रेसिंगच्या सीट बेल्टच्या) पट्ट्यांवर संपण्याचं वर्ष छापलेलं असतं, ते उलटलं की स्क्रुटिनीत (शर्यतीआधीच्या तपासणीत) बाद, पट्टा कितीही नवा दिसो. कोणत्या स्पर्धेत कोणतं मानक चालतं ते त्या वर्षीच्या नियमपत्रकात वाचा, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका.

गोव्याची खास अडचण बुरशीची. जूनमध्ये कपाटात ठेवलेला सूट गणपतीला बाहेर काढला की काळे ठिपके. ब्लीचने धुतलात तर डाग जातील आणि कापडाचं बळही. सौम्य साबण, सावलीत वाळवणं, आणि पावसाळाभर पेटीत सिलिका जेल. हेल्मेट गाडीच्या डिकीत ठेवू नका, पेट्रोलच्या वासात आतलं थर्मोकोलसारखं अस्तर खराब होतं.

गाडी गोव्यातच ठेवली तर खाऱ्या हवेचा काय परिणाम होतो?

पहिला ब्रेक ऑईलवर. डॉट ४ ब्रेक ऑईल कोरडं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. ते हवेतली ओल ओढतं. पावसाळ्यात म्हापशाच्या किंवा वास्कोच्या गॅरेजमध्ये उघडी पडलेली बाटली महिन्याभराने रेसिंगच्या कामाची नसते. नियम सोपा: सीलबंद छोटी बाटली घ्यायची, उघडली की वापरायची, उरलेलं फेकायचं. प्रत्येक शर्यतीआधी पूर्ण ऑईल बदला. हवा काढताना साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत डावं मागचं. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, मॅन्युअल बघा.

शर्यतीत पेडल मऊ होऊन खोल जायला लागलं तर ऑईल उकळलंय. पेडल दगडासारखं घट्ट, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून घसरलेत. पहिल्यात पेडल दोन-तीनदा पंप करून वेग उतरवा आणि पिटमध्ये या. दुसऱ्यात दोन लॅप सांभाळून चालवलं की ब्रेक बरेचदा परततात. हा फरक पायाला कळणं म्हणजे मुरणं.

दुसरा परिणाम रोल केजवर, म्हणजे गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणाऱ्या पाइपांच्या सांगाड्यावर. मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यासाच्या, अडीच मिलिमीटर जाडीच्या बिनजोड पाइपची असते, नाहीतर ५० व्यास आणि २ जाडीची. गंज पाइपच्या मध्यावर धरत नाही, जोडापाशी आणि फरशीला टेकतो त्या पट्टीखाली धरतो. दर पावसाळ्यानंतर रंगाला फोड आलेत का बघा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज यायला हवा. भद्द आवाज आला तर रंग खरवडा. हार्नेसचे ७/१६ इंची बोल्टही काढून बघा. डोकं चकचकीत आणि आतला आटा गंजलेला, असं किनाऱ्यावरच्या गाड्यांत हमखास सापडतं.

तिसरा पेट्रोलवर. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तेही ओल धरतं. गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटरची वाटीही. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप इथेनॉलने चिरतात, ते बदलून टाका.

टायरमध्ये हवा किती ठेवायची?

थंड टायरचा आकडा विचारू नका, गरम टायरचा विचारा. बावीसच्या आसपासच्या दाबाला तापमान साधारण आठ अंश वाढलं की दाब एक पीएसआय वाढतो. सकाळी ३० अंशांना २२ भरली आणि टायर ८५ पर्यंत तापला, तर पिटमध्ये येईपर्यंत २९ च्या आसपास होते. घड्याळाच्या दिशेच्या ट्रॅकवर डावे टायर जास्त तापतात, म्हणून तिथे थंड असताना एखादा पॉइंट कमी ठेवतात. गाडी पिटमध्ये थांबल्याच्या मिनिटाभरात चारही चाकं मोजा आणि वहीत लिहा. मोबाइलवर नको, हात ग्रीसने बरबटलेले असतात. चार शर्यतींनंतर ती वही कोणत्याही सल्ल्यापेक्षा उपयोगी पडते.

जोरात ब्रेक मारून पुढचा टायर लॉक करून एक चपटा डाग पाडला की उरलेली शर्यत स्टिअरिंग थरथरत काढावी लागते. तरुण ड्रायव्हर पहिल्या लॅपमध्ये हे करतो, कारण टायर अजून तापलेला नसतो आणि तो स्वतः तापलेला असतो.

गाडी ट्रॅकपर्यंत न्यायची कशी?

लादून. नोंदणी नसलेली रेस कार रस्त्यावर चालवता येत नाही. पट्टे बॉडीला नव्हे, चारही चाकांना बांधा, म्हणजे सस्पेन्शन मोकळं राहतं आणि पट्टा सैल पडत नाही. अनमोड किंवा चोर्ला घाट चढण्याआधी थांबून पुन्हा आवळा, मग दर दोन तासांनी. पावसाळ्यात निघण्याआधी घाट मोठ्या वाहनांना चालू आहे का याची चौकशी करा. सुटे भाग नेताना लोक इंजिनचे भाग उचलतात आणि व्हील स्टड विसरतात.

एका शर्यतीला किती खर्च येतो?

आकडे दर हंगामात बदलतात, म्हणून हिशेबाची पद्धत सांगतो. ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर ८-१० लॅपची एक शर्यत म्हणजे ३० ते ३७ किलोमीटर. सराव, क्वालिफाइंग आणि तीन शर्यती धरून शनिवार-रविवारी दीडशे-दोनशे किलोमीटर. रेसिंगमध्ये १६०० सीसीची गाडी लिटरला तीन-चार किलोमीटर देते, म्हणजे साठेक लिटर पेट्रोल. हा खर्च सगळ्यांत लहान. मग चढत्या क्रमाने प्रवेश शुल्क, मेकॅनिकांचं राहणं-खाणं, वाहतूक, टायर आणि शेवटी धडकेचं नुकसान.

स्वतःची गाडी नसेल तर टीमची भाड्याने मिळते, सगळं तयार, तुम्ही हेल्मेट घेऊन जायचं. करारात एकच कलम तीनदा वाचा: नुकसान भरपाईची मर्यादा. दुसऱ्याच्या चुकीने झालेली धडकही बहुतेक करारांत तुमच्याच खात्यावर पडते. हंगामाच्या बजेटचा तिसरा हिस्सा त्यासाठी बाजूला ठेवा आणि तो नाही असं समजा.

विमा पैसे देतो का?

गाडीचा नेहमीचा विमा देत नाही. स्पर्धा आणि वेगाची चाचणी त्यातून वगळलेली असते. आरोग्य विम्याच्या ठरावीक अपवादांतही धंदेवाईक म्हणून केलेली मोटर रेसिंग नावानिशी लिहिलेली आहे. आयोजक घेतात तो अपघात विमा किती रकमेचा आहे हे सही करण्याआधी विचारा.

इंडियन रेसिंग लीगमधली 'गोवा एसेस' गोव्यातल्या ड्रायव्हरांची टीम आहे का?

नाव गोव्याचं आहे, पण ड्रायव्हर देशा-परदेशांतून निवडले जातात. क्रिकेटच्या लीगसारखंच. गाडी सगळ्यांना सारखीच, वुल्फ जीबी०८ थंडर, ११०० सीसीचं अ‍ॅप्रिलिया इंजिन. प्रत्येक टीममध्ये चार ड्रायव्हर आणि त्यात एक महिला असलीच पाहिजे, हा नियम आम्हाला विशेष आवडतो.

ट्रॅक सुटल्यावर पुढे काय काम असतं?

भरपूर, फक्त टाळ्या नसतात. शिकवणारे कमी आहेत, त्यामुळे चांगल्या प्रशिक्षकाला काम कमी पडत नाही. पण चांगला ड्रायव्हर चांगला मास्तर असतोच असं नाही. स्वतः काय करतो हे शब्दांत सांगता यावं लागतं. दुसरी वाट स्पर्धेच्या अधिकाऱ्यांची: स्क्रुटिनी, मार्शल, स्टुअर्ड, क्लार्क ऑफ द कोर्स. सुरुवात मार्शलपासूनच करा. झेंडे बाहेरून दाखवल्याशिवाय आतून पाहिलेलं किती चुकत होतं ते कळत नाही. तिसरी वाट गाड्यांच्या चाचणीची. मध्य प्रदेशातल्या पिथमपूरच्या नॅट्रॅक्स चाचणी केंद्रावर ११.३ किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक आहे, पण चाचणीत वेगापेक्षा तोच वेग, तीच ओळ शंभर वेळा राखणं लागतं. रॅलीवाल्यांना को-ड्रायव्हरची सीट असते. पुढच्या रस्त्याच्या नोट्स ड्रायव्हरला वाचून सांगणाऱ्याला जुना हात उपयोगी पडतो, फक्त उजवा पाय आवरावा लागतो.

थांबायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

सर्वोत्तम लॅप बघू नका, तो कितीतरी वर्षं तसाच राहतो. दहा लॅपचे वेळ एकाखाली एक लिहा आणि सर्वांत जलद व सर्वांत संथ यांतला फरक काढा, रहदारीत अडकलेले लॅप सोडून. हा फरक हंगामागणिक वाढत असेल, किंवा शेवटच्या तीन लॅपमध्ये ब्रेक आधी लागायला लागला असेल, तर आधी तब्येत आणि व्यायाम बघा. त्याने सुधारलं नाही तर छोट्या शर्यती सोडून, दोन-तीन ड्रायव्हर मिळून चालवतात तशा लांब पल्ल्याच्या शर्यतीकडे वळा.

दुसरी चाचणी घरीच होते. पूर्ण सूट, हेल्मेट, हान्स घालून गाडीत बसा, हार्नेस आवळा, खिडकीची जाळी लावा. कोणाला तरी घड्याळ धरायला सांगा. हार्नेस सोडणं, जाळी काढणं, दार उघडून दोन्ही पाय जमिनीवर. दहा सेकंदांत जमलं पाहिजे. मग हेच प्रवाशाच्या बाजूने करून बघा, कारण गाडी उजव्या कुशीवर पडली तर तुमचं दार जमिनीखाली असतं. बहुतेकांचा गुडघा केजच्या आडव्या पाइपला अडकतो. पहिल्या वेळी अडकला तर सराव करा, वजन उतरवा, पाइपचं पॅडिंग तपासा. महिनाभराच्या सरावानंतरही दहा सेकंदांत बाहेर येता येत नसेल, तर त्या गाडीत बसू नका.